पानावर आडवा हात

नीलकंठराव वैरागडे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते, हे त्यांच्या बायकोला आणि पेन्शन देणाऱ्या बँकेलाच काय ते ठाऊक. रायपूरच्या बूढापारा या जुन्या वस्तीतली मराठी घरं त्यांना ओळखत होती ती वाढपी म्हणून. दत्तजयंतीचा महाप्रसाद असो, कोणाची मुंज असो की बारसं, पंगत बसली की धोतर खोचून, खांद्यावर पंचा टाकून नीलकंठराव हजर. पैशांसाठी वाढणारा हा माणूस नव्हे. कोणी चुकून दक्षिणा पुढे केलीच, तर त्याची अशी खरडपट्टी निघायची की बिचारा पुढच्या कार्याला बोलवताना दोनदा विचार करायचा. बोलवायचा मात्र नक्की.

भरभर वाढणारे दुसरेही पुष्कळ होते. पण नीलकंठरावांना 'पुरे' ओळखता यायचं. पंगतीत आपण पुरे म्हणतो आणि पानावर हात आडवा धरतो. त्यातलं खरं पुरे कोणतं आणि लाजेकाजेचं कोणतं, हे कळायला नजर लागते. तळहात पानाला टेकला असेल तर माणूस खरंच तृप्त आहे, त्याला छळू नये. हात हवेत असेल, बोटं फाकलेली असतील, तर एक जिलबी. आणि तोंडानं नाही नाही म्हणताना डोळे परातीवर असतील, तर न विचारता दोन. या नजरेचा त्यांना गर्व होता आणि ते तो लपवतही नसत. "माह्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठलं नाही, अन् कोणी पोट धरूनही उठलं नाही," असं सांगताना ते मिशीला पीळ द्यायचे. मिशी फारशी नव्हती, तरी द्यायचे.

छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर बघता बघता राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक आले, घरभाडी चढली, समता कॉलनीत नव्या पाट्या लागू लागल्या आणि जो तो आपल्यालाच बढती मिळाल्यासारखा हिंडू लागला. नीलकंठरावांची नात गंधाली तेव्हा मानसशास्त्र शिकत होती. 'माणूस सुखी कशानं होतो' या विषयावर तिला वर्गात बोलायचं होतं. पोरीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"आबा, हमारी मॅडम कहती हैं, नई चीज की खुशी टिकती नहीं. नया घर, प्रमोशन, कुछ भी. थोड़े दिन में आदमी फिर वहीं का वहीं."

"मंग? पहिली जिलबी गोड लागते, दुसरी बरी लागते, तिसरी नुसती तोंडात फिरते," नीलकंठराव म्हणाले. "हे सांगाले कॉलेज कायले पाह्यजे?"

"तो फिर खुशी है किसमें?"

"जे जिलबी तू मांगितली नाही, वरून नाही म्हणली, अन् तरी कोणीतरी ओळखून वाढली, तिच्यात. ते जलमभर ध्यानात राह्यते. माणसाले काय पाह्यजे ते त्याले सांगता येत नाही, पोट्टे. कोणीतरी ओळखा लागते."

गंधालीनं हे जसंच्या तसं वर्गात सांगितलं आणि टाळ्या मिळवल्या. नीलकंठरावांनी ती बातमी पाऱ्यातल्या प्रत्येक ओट्यावर पोचवली. "विद्यापीठात आपलं नाव झालं," असं ते पानठेल्यावरही सांगून आले.

आणि त्याच हिवाळ्यात ते घडलं. त्यांचा उजवा हात गेले काही महिने थरथरत होता. चहाची बशी वाजायची म्हणून त्यांनी बशी घेणंच सोडलं होतं आणि त्याबद्दल कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता. दत्तजयंतीच्या पंगतीत भोपाळहून बदली होऊन आलेल्या एका साहेबांची बायको, देवपुजारीबाई, जेवायला बसल्या होत्या. नीलकंठराव कढी वाढायला वाकले, पळी थरथरली आणि कढी बाईंच्या नव्याकोऱ्या, कोशाच्या रेशमी साडीवर सांडली. बाई चटकन म्हणाल्या, "काही नाही हो काकाजी, धुतलं की जाईल." आजूबाजूचे सगळे पानात बघू लागले. कोणी चार शब्द सुनावले असते तर नीलकंठरावांनी दहा परत केले असते. सगळे गप्प राहिले, ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यानंतर वर्षभर नीलकंठराव एकाही पंगतीला गेले नाहीत. कधी गुडघा, कधी पित्त, कधी नुसतंच "मन नाही." मुलानं, परागनं, सिलतऱ्याच्या कारखान्यात बोनस मिळाला तेव्हा मोठा रंगीत टीव्ही आणला. आठवडाभर तो त्यांनी बघितला. मग समोर बसून तो बंदच ठेवू लागले. एकदा बायको वनमालाबाईंनी विचारलं, "भाजी कशी झाली?" तर म्हणाले, "चांगली आहे." बाई पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या, कारण त्या दिवशी त्या भाजीत मीठ घालायलाच विसरल्या होत्या. हा माणूस मिठावरून एका घासात भांडण काढणारा होता.

पुढची दत्तजयंती आली. उत्सव समितीचे चिटणीस अच्युत घरी आले. माणूस मनाचा चांगला, जरा गडबडीचा. "काकाजी, यंदा मानाचं पहिलं पान तुमचं. पोट्टे वाढतील, तुम्ही फक्त बसा. लई केलं तुम्ही."

"हव," नीलकंठराव म्हणाले. "पुरे झालं आता. आराम करतो."

अच्युत खूश होऊन निघाले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा मानानं सुखावला. दारात उभ्या असलेल्या गंधालीला मात्र तसं वाटलं नाही. पुरे झालं म्हणताना आबांचे डोळे खुंटीवरच्या पंच्यावर होते, हे तिनं बघितलं होतं.

दत्ताच्या देवळात पहिली पंगत बसली. नीलकंठरावांना खांद्यावर शाल घालून पहिल्या पानावर बसवलं. शेजारची जागा वनमालाबाईंची, पण त्या बसल्या नाहीत. "इतकी वर्षं तुम्ही वाढत होते अन् मी बायकांत जेवली, आज घाई काय आहे?" म्हणून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गंधालीनं ओढणी कमरेला खोचून जिलबीची परात उचलली होती. मुलींनी वाढायचं ते पहिलंच वर्ष. दोनचार जणांच्या भुवया वर गेल्या, पण परात जड होती आणि हात कमी होते, म्हणून त्या आपोआप खालीही आल्या.

श्लोक झाला, जेवणं सुरू झाली. नीलकंठरावांच्या पानावरची भाताची मूद मात्र मोडली नव्हती. ते रांगेकडे बघत होते. पलीकडे एक नवी सून हात हवेत धरून पुरे म्हणाली आणि वाढणारा खरंच पुढे निघून गेला. नीलकंठराव अर्धे उठले आणि पुन्हा बसले. त्यापुढे एका म्हाताऱ्यानं दोन्ही तळहात पानाला टेकले होते, तरी वरून मसालेभात आदळला. नीलकंठरावांच्या तोंडून "अरे अरे" निघालं. कोणी ऐकलं नाही.

गंधाली त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "जिलबी, आबा?"

त्यांनी पानावर हात आडवा धरला. "पुरे."

गंधालीनं वाढलं नाही, आणि ती पुढेही गेली नाही. "आबा, हात हवा में है आपका," ती म्हणाली. "चलिए. परात मैं पकड़ती हूँ, आप देखिए."

"पोट्टे, पानावरून उठत नसतात."

"आपने एक कौर भी नहीं खाया."

नीलकंठरावांनी पानाकडे बघितलं. खरंच, घास घेतला नव्हता. त्यांनी वनमालाबाईंकडे बघितलं. बाईंनी पिशवीतून धुतलेला पंचा काढून पुढे केला. घरून निघताना तो त्यांनी कशाला घेतला, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

शाल पानाशेजारी घडी करून ठेवली गेली. "काकाजी, हे काय करून राहिले?" अच्युत धावत आले.

"हे पान झाकून ठेव. वाढप्यांच्या पंगतीत बसतो," नीलकंठराव म्हणाले. "अन् बाजूले हो. रस्ता अडवून राहिला तू."

मग बूढापाऱ्यानं बघितलं की थरथरता हात पाठीमागे डाव्या हातात घट्ट धरून नीलकंठराव पुढे चालतात आणि नात परात घेऊन मागे. "वाढ." "एक वाढ." "या माणसाले त्रास देऊ नको, तो सुखात आहे." "इथं दोन, अन् नाही म्हणलं तर आयकू नको." नव्या सुनेपाशी ते मुद्दाम परत गेले. पोरगी लाजली आणि तिनं दोन्ही जिलब्या खाल्ल्या. रांगेच्या शेवटी देवपुजारीबाई बसल्या होत्या, तीच कोशाची साडी नेसून. नीलकंठराव थांबले. बाईंचा हात पानावर आडवा होता, हवेत, बोटं फाकलेली.

"वाढ," ते गंधालीला म्हणाले.

"तिच्या हातून नको," बाई म्हणाल्या. "काकाजी, तुम्ही वाढा. जिलबी काही सांडत नाही."

पाठीमागचा हात पुढे आला. परातीतून एक जिलबी उचलून, थरथरत का होईना, त्यांनी ती नेमकी पानाच्या मधोमध ठेवली. आपल्याला कोणीतरी ओळखून वाढलं, हे त्यांना कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पंच्यानं सगळ्यांदेखत पुसले.

वाढप्यांची पंगत सर्वांत शेवटी बसली. झाकलेलं पान उघडलं. शेजारी वनमालाबाई बसल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नीलकंठराव कढी भुरकून म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि वनमालाबाईंचा चेहरा उजळला. जेवण होत आलं तेव्हा गंधाली परात घेऊन आली. नीलकंठरावांनी उजवा तळहात पानावर ठेवला. तो थरथरत होता, पण पानाला पुरता टेकला होता.

गंधाली वाकू लागली, तशी वनमालाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "आता खरंच पुरे आहे त्यायले."