ओटीत गेलेलं बी

तिवशाजवळच्या मनकर्णाबाईच्या वाडीतलं वांगं चुलीत भाजलं की लोण्यासारखं होई. ते बी तिला सासूनं सोपवलेलं. दरवर्षी एक चांगलं झाड हेरायचं, फळ झाडावरच पिवळं पडू द्यायचं, बी धुऊन राखेत घोळायचं आणि देवघरातल्या डब्यात ठेवायचं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात याच वांग्याचं भरीत, असं चाळीस वर्षं चाललं. बी तिनं कधी विकलं नाही. मागेल त्याला पदरात घातलं. नेणाऱ्यानं पुढच्या साली मूठभर परत आणायचं, एवढंच.

एका उन्हाळ्यात स्वराली मॅडम आल्या. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका नव्या खाजगी विद्यापीठात वांग्यावर त्या संशोधन करत. कौंडण्यपूरच्या यात्रेत कुणाकडे तरी हे भरीत खाऊन वास काढत आल्या होत्या.

"मावशी, थोडं बी द्याल? अभ्यासाला हवंय."

"पयल्यांदा घरी आल्या, मायबाई. रिकाम्या कशा जासान?"

मनकर्णाबाईनं कुंकू लावलं आणि डबा त्यांच्या ओटीत उपडा केला. सून हर्षा कुजबुजली, "आत्याबाई, अर्धं तरी ठेवा न!"

"ओटी का अर्धी भरतेत? मूठभर तं येतेच वापस."

"नक्की आणून देते," मॅडम म्हणाल्या.

मॅडम आल्याच नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही जुनं बी उरलं नव्हतं, सगळे दुकानातलं पेरत. तिसऱ्या साली तिवशाच्या दुकानात पाकिटं आली. वर तिच्या वांग्याचं चित्र, खाली विद्यापीठाचं आणि कंपनीचं नाव. तिनं पाकीट आणून लावलं, फळ पिकवून बी धरलं. पुढच्या साली त्या बियातून काही वांगी गोल निघाली, काही काटेरी, काही पांढरी.

मग ती एसटीनं विद्यापीठात मॅडमकडे गेली.

"ते संकरित आहे, मावशी. त्याचं बी धरायचं नसतं, दरवर्षी नवं घ्यायचं."

"मंग माहं मूळचं द्या. मूठभर."

"वाण कंपनीला दिलाय. बाहेर देता येत नाही." मॅडमनी तिचे हात पाहिले. "काम हवं असेल तर सांगा. बियाण्याच्या प्लॉटवर बायका लागतात."

तिनं काम धरलं. बी मिळवायला दुसरी वाट नव्हती. प्लॉटवरच्या टिनाच्या खोलीत ती बाकीच्या बायकांसोबत राहिली. एका जातीच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि दुसरीचा पराग बोटानं लावायचा. परागाच्या झाडांच्या चार ओळी कडेला होत्या. जांभळा देठ, मुरडलेलं पान. तिनं लांबूनच ओळखलं. आपलंच झाड आपल्याच बोटांनी दुसऱ्याच्या कामाला लावत ती दोन महिने राबली. एक फळ तिनं पाल्याखाली दडवून पिकवलं.

पराग लावून झाला तशा त्या ओळी उपटून फाटकाजवळ ढीग करून पेटवल्या. बी बाहेर जाऊ नये, म्हणून. चंपाषष्ठी दुसऱ्या दिवशी होती. पिवळं वांगं पदरात गुंडाळून, कमरेला खोचून ती घरी जायला फाटकाशी आली.

"आजी, पदर झाडा," रखवालदार कुलदीप म्हणाला.

वांगं खाली पडलं. मॅडमची गाडी तिथंच थांबलेली.

"चोरी, मावशी? तुम्हीसुद्धा?"

"ओटी भरली व्हती मी तुमची."

मागे बायका रांगेत उभ्या होत्या. मॅडमनी काच थोडी खाली केली. "ढिगात टाका. तुमच्याच हातानं टाका, म्हणजे या सगळ्यांना कळेल."

तिनं टाकलं. जाळात वांग्याचं कातडं फुटेपर्यंत कुलदीप तिथून हलला नाही.

चंपाषष्ठीला हर्षानं बाजारातून पाकिटाच्या बियाचं वांगं आणलं. भरीत केलं. मनकर्णाबाईनं नैवेद्य दाखवला आणि प्रसादाचा घास तोंडात घातला. चव तीच होती.

जेवणं झाल्यावर तिनं देवघरातला डबा राखेनं घासून काढला, उन्हात वाळवला आणि हर्षाच्या हातात दिला.

"घे, मीठ भर याच्यात."