दारात काही टांगायचं नाही

पहिल्याच ठोक्याला खिळा वाकला. गुपचूप डब्यातून दुसरा काढायला लागलो, तर आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

"वाकला नं जी?"

"नाई."

"मंग डबा कायले वाजून राहिला?"

तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. मान उचलायची तरी कुणाचा तरी हात लागायचा. पण कान शाबूत होते. नव्या घराच्या बैठकीत मी काय घोळ घालतोय हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. दुसरा खिळा मारला तर भिंतीचा पोपडाच निघून पायावर पडला. तिसरा लागला, पण पाहिजे होता तिथून टीचभर बाजूला. मी भिंतीला दोन शिव्या हासडल्या. भिंत बिचारी काय करणार, कालपरवाची तर होती.

मी एसटीचा ड्रायव्हर. नोकरीभर स्टेअरिंग धरलं, हातोडी-कात्रीशी माझं कधी जमलं नाही. आमचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत झाला, आधी साकोलीला, मग भंडाऱ्याला. घरमालक बदलले, पण प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आम्ही कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधायचो. बुद्धाची तसबीर कपाटावर टेकवून ठेवायचो, आणि जरा कुणी दार आपटलं की ती पडायची.

बायकोच्या हातात मात्र कला होती. शेजारणीनं फेकलेली बाटली दिसली की ही उचलून आणणार. फाटल्या साडीचे काठ उसवून ठेवणार. जुन्या काचेच्या बांगड्या, नारळाच्या करवंट्या, लग्नपत्रिका, लोकरीचे गुंडे, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. मी चिडायचो. बदली झाली की ती पेटी डोक्यावर घ्यायचा मान माझाच असे. "हा भंगार कायले सांभाळून राहिली वं?" म्हणून विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "आपल्या घरी लावू."

रिटायर झालो आणि सिहोऱ्याला बापाच्या जागेवर घर बांधलं. बैठक, दोन खोल्या, सैपाकघर, न्हाणी. भिंती आमच्या. कुठंही ठोका खिळे, कोण विचारतो! आणि रंग वाळायच्या आत तिची पाठ धरली. आम्हाला वाटलं, सामान उचलून लचक भरली असेल. तेल चोळलं, शेक दिला. शेवटी नागपूरला नेलं तेव्हा कळलं की छातीतला रोग केव्हाच मणक्यात उतरलाय. डॉक्टर म्हणाले, "घरी घेऊन जा, यांना जे खावंसं वाटेल ते द्या." आमच्याकडे या वाक्याचा अर्थ लहान पोरालासुद्धा कळतो. तिलाही कळला.

गाडीत परत येताना ती एकच बोलली. "मंडईच्या आधी मले घर सजलेलं पाहाचं हाय."

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, लेकी-जावई येतात, ज्याच्या त्याच्या घरी पाहुण्यांची दाटी. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या घरी मंडईला जायचो. यंदा पहिल्यांदा लोक आमच्या घरी येणार होते, आणि हिला त्यांच्या आधी स्वतःचं घर डोळे भरून पाहायचं होतं. एवढंच मागितलं तिनं. जिंदगीत दुसरं काही मागितलं असेल तर मला आठवत नाही.

सुरुवातीला तिचे हात चालत होते. निजल्या निजल्या, छातीवर कापड घेऊन तिनं साड्यांचे काठ एकाला एक जोडून बैठकीचा पडदा शिवला. हिरवा, जांभळा, लाल. प्रत्येक काठ कोणत्या साडीचा ते ती सांगायची आणि मी हव हव म्हणायचो. मग बोटं सुजली, सुई धरता येईना, आणि पेटी माझ्या गळ्यात आली.

लेक नागपूरहून सुट्टी टाकून आली होती. ती आईचं अंग पुसणं, औषध-पाणी पाहायची. मी कारागीर. केलेल्या कामाचे लेक मोबाईलवर फोटो काढायची आणि खाटेजवळ नेऊन दाखवायची. तपासणी इतकी कडक की आमचे डेपोवाले परवडले.

सैपाकघरात बायकोला तिच्या आईनं लग्नात दिलेला, पाणी भरायचा पितळेचा गुंड होता, भंडाऱ्याचा अस्सल. बुडाला गळत होता म्हणून पाण्याच्या कामाचा राहिला नव्हता, पण मोडीत द्यायचं नाव काढू देत नव्हती. चिंच आणि राख लावून मी तो दुपारभर घासला, आत माती भरली, मनीप्लांट लावला आणि खिडकीपाशी ठेवला. काय दिसत होता, बाप्पा! मीच दोनदा लांब जाऊन पाहिला. लेकीनं फोटो दाखवला.

"बुड नाई घासलं तुमी," बायको म्हणाली.

फोटोत बुड कुठून दिसणार? पण खरंच नव्हतं घासलं. काय बोलता!

न्हाणीत साबण ठेवायला करवंट्या लावायच्या होत्या. पॉलिश पेपरनं घासून घासून मी त्या गुळगुळीत केल्या आणि तारेनं भिंतीला बांधल्या. दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेलो तर साबणाची लापशी झालेली. बुडाला भोक पाडायचं राहिलं होतं. हे तिला सांगितलं तर ती हसायला लागली, आणि हसता हसता कळ निघून तिचा चेहरा पांढरा पडला. "हसवू नोका जी, हसवू नोका," म्हणत तिनं माझं मनगट धरलं. माणसानं आपल्या बायकोला हसवूही नये, अशी पाळी कुणावर येऊ नये.

बैठकीत तिच्या सूचना विचित्र होत्या. दिवाण मधे ठेवू नका, भिंतीला सारा. जुन्या साड्यांची विणलेली सतरंजी खाली अंथरू नका, दिवाणावर टाका. तिच्या खोलीच्या दाराला तो काठांचा पडदा लावा, पण बाजूला ओढून बांधून ठेवा.

"पडदा बांधूनच ठेवाचा तं लावाचा कायले?" मी भडकलो.

"मंडईचे पाव्हने येतीन. जागा मोकळी पायजे नं."

मला पटलं. पाहुण्यांना बसायला जागा लागतेच.

त्या दिवसांत धान कापणी सुरू झाली होती. आमच्याकडे धानाच्या लोंब्या गुंफून दारात टांगतात. घराला शोभा येते आणि चिमण्यांचं पोट भरतं. शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीतून मी पेंढीभर लोंब्या मागून आणल्या. ओसरीत बसून, लेकीला विचारत, उसवत, शिव्या देत, त्यांचं तोरण गुंफलं. इकडून जाड, तिकडून बारीक झालं, पण झालं. आतापर्यंतच्या माझ्या कामात तेच धड होतं. मोठ्या दाराच्या चौकटीला ठोकायला निघालो तर आतून आवाज.

"काय ठोकून राहिले?"

"तोरण."

"दारात कायी टांगाचं नाई."

मी हातोडी घेऊनच आत गेलो. "अवं, लोकं आधी दार पाहातीन! घरभर सजावट आन् दार भुंडं? येडी झाली का? एवढ्या मेहनतीनं केलं, माह्या बोटाचे सालटे निघाले!"

"माह्या खिडकीत लावा. चिमण्या येतीन, मले दिसतीन."

"मी दारातच लावतो. घर माहंबी हाय."

लेक एकदम उठली आणि मागच्या अंगणात निघून गेली. तिला कळलं होतं. मलाच कळत नव्हतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, एखाद्या लहान पोराला समजवावं तसं.

"अजी, मले नेतानी माणसायच्या डोस्क्याले अडकन ते. मंग ते तोरण सांभाळतीन का मले धरतीन?"

हातातली हातोडी कुठं ठेवावी ते मला कळेना. भिंतीला सारलेला दिवाण, त्यावर टाकलेली सतरंजी, बांधलेला पडदा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. तिच्या खाटेपासून मोठ्या दारापर्यंत सरळ रस्ता. माझ्याच हातानं तिनं तो करून घेतला होता, आणि मी मूर्खासारखा पाहुण्यांची जागा मोजत बसलो होतो.

"तसं कायी होत नाई," मी म्हणालो.

"बरं, नाई होत. खिडकीत लावा."

खिडकीत लावलं. चिमण्या आल्या. दोन दिवसांत त्यांनी निम्मं तोरण फस्त केलं आणि ती त्यांच्याकडे पाहत पडून राहायची.

आता फक्त तिची खोली राहिली होती. तिथं बांगड्यांचं झुंबर लावायचं होतं. पेटीतल्या सगळ्या काचेच्या बांगड्यांना लोकर गुंडाळायची, लहान-मोठ्या रिंगणांत बांधायच्या, मधे बल्ब सोडायचा. माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं, की हे झुंबर पूर्ण झालं तर ही जाईल. घर पाहायला थांबलीय ना ही? मग घर पूर्णच नाही झालं तर? हसू नका. माणूस असल्या वेळी काहीही विचार करतो. मी दिवसाला दोन बांगड्या गुंडाळायचो आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यातली एक सोडायचो. आज लोकर संपली म्हणायचो, उद्या बल्ब गेला म्हणायचो.

तिकडे तिचं खाणं चमच्यावर आलं. दुखणं वाढलं की ती चादर दातात धरायची. आणि मी लोकर सोडत बसायचो. थांबवावं तर तिचे हाल, पूर्ण करावं तर... मला काहीच धड करता येईना. सगळ्या बाजूंनी अडकलो होतो.

एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"तुमी मुद्दाम उशीर करून राहिले."

"नाई वं."

"जिंदगीभर गाडी टायमावर आणली. आता काहून लेट करता? मले पाहू द्या नं जी."

त्या 'पाहू द्या'पुढं माझं काय चालणार? दिवसभर बसलो. लेकीनं मदत केली. खालचं रिंगण बांधताना एक बांगडी कमी पडली. लेक म्हणाली, दुकानातून आणते. तेवढ्यात बायकोनं हात खाली केला आणि तिची हिरवी बांगडी आपोआप घरंगळून चादरीवर आली.

"घाल वं मनगटात, घाल आधी!" मी ओरडलो. धन्याच्या जिवंतपणी बाई असा हात मोकळा करत नाही आमच्याकडे.

ती मात्र हसली. जपून हसली, पाठ दुखू नये म्हणून. "आता काढाले साबणबी लागत नाई पाहा. लावा ते. दुसऱ्या हातात हाय नं."

लावली. संध्याकाळी झुंबर छताच्या हुकाला चढवलं. लेकीनं बटण दाबलं. भिंतीवर लाल-हिरवे डाग पडले, तिच्या चादरीवर, तोंडावर. ती किती तरी वेळ पाहत राहिली. मग लेकीनं मोबाईलवर एक एक खोली पुन्हा दाखवली. सैपाकघर, न्हाणी, बैठक. शेवटी ती पुन्हा वर पाहायला लागली.

"कसं झालं?" मी विचारलं. खरं सांगतो, शाबासकी पाहिजे होती मला.

"वाकडं लागलं."

"उद्या सरळ करतो."

"हव, उद्या करा."

उजाडताना लेकीनं हाक मारली. ती गेली होती. झुंबर तसंच जळत होतं, विझवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

गावात मंडईचा मांडव पडत होता. तो सोडून माणसं आमच्याकडे आली. जे पाहुणे दोन दिवसांनी येणार होते, ते त्याच दिवशी आले. पांढऱ्या कपड्यांत बैठकीत दाटीनं उभे राहिले. कुणी पडद्याच्या काठांना हात लावला, कुणी गुंडाकडे पाहिलं. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "घर लय सुंदर सजवलं जी." मी मान हलवली. त्रिसरण-पंचशील झालं. मग चार जणांनी चादरीचे कोपरे धरले आणि तिला उचललं.

मी मागून चाललो होतो. मनातून मला वाटत होतं, अडकावं कुठंतरी. पडद्याला, दिवाणाच्या कोपऱ्याला, चौकटीला, कशालाही. एक घडीभर तरी थांबावं लागावं त्यांना.

तिला घेऊन ते सरळ बाहेर पडले. कुठंच काही अडकलं नाही.