जुन्या डब्यांचा नवा भाव

तेलाचा नवा डबा फोडला की जो उग्र वास सुटतो, त्यानं मला भोकरदनजवळच्या आमच्या घरातली एक दिवाळी आठवते. सोयाबीनची पोती टेम्पोत चढली होती आणि तेवढ्यात टीव्हीवर बातमी लागली, परदेशातून येणाऱ्या तेलावरची ड्युटी, म्हणजे आयातकर, वाढली. वडील अनवाणीच अंगणात धावले. "उतरव, उतरव सगळं! आता आपला भाव चढंल बघ." पोती परत ओसरीत आली, त्यांची धूळ घरभर नाकात जाऊ लागली आणि वडील फोन हातात धरून येरझाऱ्या घालत राहिले. दुपारी आई चकल्यांसाठी तेल आणायला निघाली, मी सोबत होते. दुकानदार शेठनं चढा भाव सांगितला, तशी आई उसळली, "शेठ, हे डबे तर परवापासून इथंच हायेत. यांना कशाची ड्युटी?" शेठ शांतपणे म्हणाले, "बात बराबर हाय ताई, पण हे इकल्यावर पुढचे डबे मला नव्या भावानंच आणावे लागतील ना." आई छोटं पाकीट घेऊन परतली. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सोयाबीनचा भाव मात्र जागचा हलला नाही. वडील रोज पोत्यात हात घालून बघायचे, कीड तर लागली न्हाई ना. लक्ष्मीपूजनाला त्या पोत्यांनाच हळदकुंकू वाहिलं, चकल्या मूठभर झाल्या. आता परवा ती ड्युटी कमी झाल्याचं ऐकलं आणि मी तडक त्याच दुकानात गेले. शेठ तितक्याच शांतपणे म्हणाले, "ताई, हा जुना माल हाय, महागातला. आधी तो तर संपू द्या."