तिसरी घंटा आणि पांढरे बूट

कुवेतमध्ये धुळीचं वादळ येऊन गेलं की घर कितीही झाडा, चार दिवसांनी साखरेच्या डब्यातसुद्धा वाळू सापडते. आमच्या नाटक मंडळातल्या किस्स्यांचं तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तर दुसरा भलत्याच वेळी दाताखाली येतो! परवा प्लांटमध्ये सेफ्टी मीटिंग चालू होती आणि मला एकदम ते शिंकलेलं प्रेत आठवून हसू फुटलं. मॅनेजरने विचारलं, "व्हॉट इज फनी?" आता त्याला काय सांगणार, कप्पाळ! म्हणून तुम्हालाच सांगतो.

आमचं मंडळ हौशी. दर शुक्रवारी हवल्लीत, एका बिल्डिंगच्या बेसमेंटमधल्या क्लासच्या हॉलमध्ये तालीम. अध्यक्ष देशपांडे, पुण्याचे. मी नाशिकचा, राहतो फहाहीलला. मी प्रॉम्प्टर आणि घंटा वाजवणारा, म्हणजे गोंधळ झाला की तो माझ्यामुळेच. आमचा हिरो सुरेश घाडी, कणकवलीकडचा एसी टेक्निशियन.

आणि शालिनीमावशी. वय पंच्याऐंशी, मुलाकडे सबाह अल-सालेमला असतात. तरुणपणी गिरगावातल्या एका नाटक कंपनीत गाणाऱ्या नटी होत्या.

त्या पहिल्यांदा तालमीला आल्या तेव्हा देशपांडे त्यांना हॉलचा नकाशा दाखवत होते. "ही पहिली रांग स्पॉन्सर मंडळींची, मावशी."

"आमच्याकडेही त्यांचीच असायची," मावशी म्हणाल्या. "फक्त आमचे स्पॉन्सर सुरा घेऊन बसायचे."

देशपांडे हसले. मावशी हसल्या नाहीत!

*

मावशी कंपनीत होत्या तेव्हा मुंबईत दारूबंदी होती. हातभट्टीवाले, सोनं उतरवणारे, मटकेवाले, सगळे एकदम मोठे झालेले. मोठे झाले म्हणून त्यांना नाटकाचा शौक लागला. थिएटरच्या तारखा त्यांच्या शब्दावर मिळायच्या, त्यामुळे कंपनीचे मालक त्यांना बघून कमरेत वाकायचे. मावशींच्या कंपनीच्या वाट्याला असाच एक दादा आला होता. त्याचं नाव त्या आजही घेत नाहीत.

मी विचारलं, "अजून भीती वाटते?"

"भीती कसली! नाव घेतलं की माणूस मोठा होतो. तो पांढरे बूट घालायचा, म्हणून पांढरा बूट. बस झालं त्याला."

हा पांढरा बूट पहिल्या रांगेत मधोमध बसायचा आणि पाय सरळ स्टेजच्या कडेवर ठेवायचा. नटांनी त्या बुटांना वळसा घालून पल्लेदार संवाद म्हणायचे! मालक गप्प, पब्लिक गप्प.

कंपनीत बंडोपंत म्हणून विनोदी नट होते, गड्याचं काम करायचे. एका प्रयोगात ते खांद्यावरचं फडकं काढून पुढे आले, बुटांसमोर उकिडवे बसले आणि एक बूट मन लावून पुसायला लागले. मग वर बघून म्हणाले, "साहेब, हा झाला. दुसरा घरी जाऊन बाईसाहेबांकडून पुसून घ्या, आमच्या नाटकाला उशीर होतोय!"

पब्लिकने छप्पर डोक्यावर घेतलं. पांढऱ्या बुटाने पाय खाली घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने, आपण किती दिलदार, हे दाखवायला बंडोपंतांना नवेकोरे पांढरे बूट पाठवले.

बंडोपंतांनी ते जन्मभर वापरले. फक्त भिकाऱ्याच्या भूमिकेत!

*

मावशींची नात इथेच जन्मलेली. आजी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, दोघींचं झकास चालतं. हा किस्सा ऐकून तिचे डोळे मोठे झाले. "आजी, रिअल गँगस्टर? सो कूल!"

"कूल कसला!" मावशी म्हणाल्या. "सारखा घाम पुसायचा."

*

आता आमच्या पांढऱ्या बुटाची ओळख करून देतो. त्याला आम्ही शेठ म्हणतो. मॅनपॉवरचा धंदा. गावाकडून पोरं आणायची, व्हिसा आपल्या कंपनीचा, पासपोर्ट आपल्या कपाटात. कोणी मान वर केली की व्हिसा कॅन्सल. कायद्यात बसत नाही म्हणता? अहो, पासपोर्ट ज्याच्या कपाटात, त्याला कायदा शिकवायला कोण जाणार! शेठ पोरं राहतात त्या कॅम्पवर आला की त्यांनी जेवत्या ताटावरून उठून उभं राहायचं, अशी तिथली पद्धत. आमचा घाडी त्याच्याच व्हिसावर होता.

तर हा शेठ मिठाईचा बॉक्स घेऊन तालमीला आला, डायरेक्टरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हॉलची परवानगी, लाइट, साऊंड, सगळं माझ्याकडे लागलं. फक्त माझ्या मेव्हण्याला एक रोल द्या."

कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, "द्या की! आम्हीसुद्धा पांढऱ्या बुटाच्या मेव्हण्याला दिला होता."

शेठ खूश. "कुठला रोल, मावशी?"

"प्रेताचा. पण मेला त्यातही शिंकला!"

शेठ निघाला तेव्हा मावशी त्याच्या पायांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बूट काळे आहेत. चालणं तेच."

*

मला सगळ्यात आवडतो तो गाडीचा किस्सा.

पांढऱ्या बुटाने एका रविवारी दुपारी मावशींना आणायला गाडी पाठवली. घरी पाहुणे आहेत, शालिनीबाईंनी येऊन दोन गाणी म्हणावीत. नुसत्या गाण्यांसाठी बोलावलेलं नाही, हे काय सांगायला पाहिजे? मालक म्हणाले, "जाऊन ये बाई, थिएटर जाईल हातचं." मावशी तेव्हा विशीच्याही नव्हत्या.

कंपनीतल्या म्हाताऱ्या स्वयंपाकीणबाई पदर खोचून पुढे आल्या. "नटी एकटी जात नाही. कंपनी जाते!"

गाडीत मावली तेवढी माणसं गाडीत बसली. बाकीची ट्राममधून निघाली, गदा, मुकुट आणि दाढ्या घेऊन. त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात कंपनीने पौराणिक नाटक लावलं, पाचही अंक, नांदीपासून भरतवाक्यापर्यंत! सोफ्याचं सिंहासन झालं, पडद्यांचे शेले झाले. पाहुणे दुसऱ्या अंकात पळाले. पांढऱ्या बुटाला उठता येईना, कारण त्याची आई मांडी घालून पुढ्यात बसलेली, डोळ्यांना पदर लावून!

पाचव्या अंकात राक्षसाचा वध झाला. म्हातारीने वळून लेकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ. असं होतं."

गाडी परत कधी आली नाही.

*

सगळेच किस्से असे हसत संपत नाहीत. पेटीमास्तरांचा नाही संपत.

कंपनी कोकणच्या दौऱ्यावरून बोटीने परत येत होती. पेटीमास्तरांनी पेटी उचलली तर ती जडच्या जड! उघडून बघतात, तर आत फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या. नाटकवाल्यांचं सामान बंदरावर कोणी तपासत नसे, म्हणून पांढऱ्या बुटाच्या माणसांनी त्यांच्या पेटीत माल भरला होता. सूर बसायच्या जागी दारू!

मास्तरांनी एकेक बाटली समुद्रात ओतली. मग बोटीवरच्या चहावाल्याकडून कोरा चहा घेतला, गार केला आणि बाटल्या भरून बुचं लावून टाकली. मुंबईत माल पोचला. पांढऱ्या बुटाने तो नेमका एका बड्या पोलीस पाहुण्यासमोर उघडला!

"त्याच्या अड्ड्यावर मिळालेलं पहिलं कायदेशीर पेय!" मावशी म्हणाल्या, आणि आम्ही हसून लोळलो. दारूबंदीच्या देशात राहणारी माणसं या किस्स्याला जरा जास्तच हसतात.

मग मावशी म्हणाल्या, "बोटं मोडली त्यांनी मास्तरांची. दोन, डाव्या हाताची. भाता धरता येईना. पुढे एक मुलगी शेजारी बसून भाता मारायची, मास्तर उजव्या हाताने वाजवायचे."

घाडी खाली बघून म्हणाला, "मग मावशी, नडायचा कशाक?"

"नडले नसते तर दहाही बोटं त्याचीच झाली असती."

मला राग आला होता, अजून येतो. पेटी वाजवणाऱ्या माणसाची बोटं! असल्या पांढऱ्या बुटांबद्दल लोक अजून कौतुकाने बोलतात, काय रुबाब, काय दिलदारी. रुबाब गेला खड्ड्यात!

*

घंटेचं ऐका. आम्ही मोबाइलवरची रेकॉर्ड केलेली घंटा वाजवायचो. मावशींनी कपाळाला हात लावला. "हिला कोण भिणार?" मग शुक्रवारच्या जुन्या बाजारात एका इराणी म्हाताऱ्याकडून आम्ही गलबतावरची पितळी घंटा आणली. ती वाजली की तीन मजले वर ऐकू जाते.

मावशी सांगतात, पांढरा बूट नेहमी उशिरा यायचा आणि तो येईपर्यंत नाटक थांबावं, असा त्याचा हुकूम असायचा. पण तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा. ती झाली की पडदा वर, मग राजा येवो नाहीतर रंक. त्यांच्याकडे घंटेवर दामूअण्णा होते, ठार बहिरे. मालक विंगेतून हातवारे करताहेत, गुंड ओरडताहेत, "थांब, दादा यायचाय!" अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ठण्‌कन घंटा देणार. बहिऱ्याला कोण काय म्हणणार? पांढऱ्या बुटाला कायम अर्धा पहिला अंक चुकायचा.

"बिचारे," मी म्हणालो. "जन्मापासून बहिरे?"

"छे रे! फक्त थिएटरात."

*

आता शेवटचा. घाडीला पुढे काय भोगावं लागलं ते आधीच सांगतो, म्हणजे शेवट गोड करायची जबाबदारी माझ्यावर नको. त्याचा व्हिसा गेला. गावाला जाऊन बसला, बायकोची बोलणी खाल्ली, मग दुसऱ्या कंपनीतर्फे परत आला. आता शुक्रवारी पुन्हा तालमीला असतो. तर ऐका.

प्रयोगाचा दिवस. लाइट, साऊंड शेठचं, म्हणून मेव्हण्याला शेवटच्या अंकात एक वाक्य. शाळेचं ऑडिटोरियम फुल्ल. मागच्या सगळ्या रांगा शेठच्या कॅम्पवरच्या पोरांनी भरलेल्या, घाडीचं काम बघायला भाड्याची बस करून आलेली. बस ठरल्या वेळेला सुटणार, पहाटे ड्युटी. नाटक उशिरा सुरू झालं तर घाडीचा शेवटचा अंक त्यांना दिसणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. आणि शेठचा फोन आला. मी निघतोय, थांबा. स्टेजवर माझा सत्कार आधी, मग नाटक.

आम्ही थांबलो. थांबलो म्हणजे थांबतच राहिलो. बाहेर टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या सुरू झाल्या. माझा हात घंटेच्या दोरीवर. देशपांडे घामाघूम. "वाजवू नका हो. आपलं काही जाणार नाही, पण तो घाडीवर राग काढेल!"

विंगेत खुर्चीवर मावशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग ज्याचं जाणार, त्याला विचारा ना! तुम्ही कशाला ठरवताय?"

घाडी मेकअप करून उभा होता. त्याने पडद्याच्या फटीतून मागच्या रांगांकडे पाहिलं. मग माझ्याकडे आला.

"ती दोरी माका द्या."

मी दिली. त्याने अशी घंटा दिली की पुढच्या रांगेतली दोन लहान पोरं रडायला लागली! पडदा वर.

पहिला अंक रंगात आला आणि दार उघडलं. शेठ. मागे हार घेतलेला मेव्हणा. शेठ अंधारातून चालत थेट स्टेजसमोर आला आणि पब्लिककडे तोंड करून उभा राहिला. नाटक थांबेल, दिवे लागतील, कॅम्पवरच्यासारखी सगळी उठतील, म्हणून वाट बघत.

स्टेजवर घाडी वाक्य अर्धवट सोडून थांबला. प्रॉम्प्टर मी, आणि मलाही पुढचा शब्द सापडेना. कोणी उठलं नाही. शेठ उभाच.

आणि मागच्या काळोखातून, कॅम्पवरच्या रांगांतून आवाज आला:

"ओ शेठ, खाली बसा! आमका दिसना नाय!"