एकवीस दिले, अठराचे आले

आमच्या घरात चांदीचे बावीस रुपये होते. राणीछाप. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी ते तिच्या ओटीत घातले होते. आई त्यांना कधी नाणी म्हणाली नाही, रुपयेच म्हणायची. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती ते चिंचेच्या कोळाने घासायची, मोजायची आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवायची. वडगाव रासाईत आमच्या आळीत कुणाला काढ्यासाठी रुपयाभार सुंठ लागली, की त्यातलाच एक रुपया तराजूत पडायचा. रुपया म्हणजे एक तोळा. हे वजन मला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं.

वडील रांजणगावच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. निवृत्त झाले तेव्हा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा निम्मा. घरात कुणी बोलायला लागलं, की ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मधेच हसायचे. सगळे हसत असतील असं समजून. मी दौंडला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. तिथल्या कानाच्या डॉक्टरांकडे त्यांना नेलं. डॉक्टरांनी दोन मशीन दाखवली. एक साधं, त्यात सगळेच आवाज वाढतात. दुसरं महाग, त्यात माणसाचं बोलणं वेगळं कळतं. आईने दुसऱ्याचा आकडा दोनदा विचारला आणि घरी आल्यावर फडकं काढलं. एक रुपया पूजेला ठेवला. एकवीस माझ्यापुढे सरकवले.

"येकवीस तोळं हायेत. तालुक्याच्या शेटकडंच जाऊ. वळखीचा माणूस हाय."

शिरूरचे ते सराफ खरोखरच ओळखीचे होते. आईचं मंगळसूत्र त्यांच्याकडे तीनदा गाठवून घेतलं होतं. माझी ओळख त्याहून मोठी. दहावीला मी शाळेत पहिला आलो, तेव्हा पाहुणे म्हणून तेच आले होते. त्यांच्या हातून मला शाल आणि कंपासपेटी मिळाली. आमच्या घरात त्याआधी कुणाला शाल मिळाली नव्हती, कुणी दहावीही झालं नव्हतं. आभाराचं भाषण मीच केलं. सरांनी लिहून दिलेलं, मी आठ दिवस पाठ केलेलं. ती कंपासपेटी अजून आहे. तिच्यात आता आईच्या गोळ्या असतात.

दुकानात शेठनी आम्हाला आतल्या गादीवर बसवलं. चहा मागवला. मला बघून म्हणाले, "या बीकॉम साहेब." नोकरानेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

आईने फडकं सोडलं. शेठनी दोन रुपये उचलून एकमेकांवर वाजवले, एक दगडावर घासला, त्यावर थेंब टाकून पाहिला. माल चांगला आहे, पण राणीछापात थोडी खोट असतेच, म्हणून भावात तेवढी घट धरावी लागेल, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. आईला ते पटलं. मलाही पटलं. मग त्यांनी विचारलं, "किती आहेत म्हणालात वहिनी?"

"येकवीस तोळं," आई म्हणाली.

शेजारी काट्यावर हिरवे आकडे चमकत होते. माझी नजर तिकडे गेलेली शेठनी पाहिली असावी. त्यांनी बोटाने रुपये दोन-दोन करून मोजले आणि म्हणाले, "एकवीस. बरोबर. आता तुमचं काय वजन करायचं? काट्यावर घातलं तर तुमच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

आईचा चेहरा उजळला. तिच्या शब्दाला तालुक्याच्या दुकानात एवढी किंमत कधी आली नव्हती. भिंतीवरच्या फळ्यावर चांदीचा दहा ग्रॅमचा भाव लिहिला होता. शेठनी त्यातून घट वजा केली आणि एकवीसने गुणलं. कागद माझ्यापुढे केला.

"बराबर हाय का रं?" आईने विचारलं.

मी मोबाईल काढला. गुणाकार करून पाहिला. पुन्हा एकदा केला, कारण आई बघत होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

पैसे घेतले. दुकानाच्या पायरीवर मी शेठना वाकून नमस्कार केला.

महागाचं मशीन त्या पैशात आलं नाही. साधं आलं. ते कानात घातलं की भांड्यांचा आवाज मोठा यायचा, ट्रॅक्टरचा मोठा यायचा, आणि मधूनच त्यातून शिट्टी वाजायची. वडील दचकून कानावर हात ठेवायचे. महिनाभर त्यांनी आमच्यासाठी ते सोसलं. नंतर काढून डबीत ठेवलं आणि पुन्हा तोंडाकडे बघून हसायला लागले. डॉक्टर म्हणाले, बदलून देऊ, पण वरचा फरक भरावा लागेल. आईने पूजेचा रुपया माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, ह्याचंबी बघ किती येत्यात.

दौंडला कॉलेजपासून चार पावलांवर एक सराफी दुकान आहे. काउंटरवर एक तरुण मुलगा होता, मोबाईलमध्ये मान घातलेली. विकायचाय का नुसता भाव काढायचाय, असं त्याने मान वर न करताच विचारलं. रुपया घेतला आणि काट्यावर टाकला.

"अकरा पॉइंट सहा."

मी त्याला म्हणालो, नीट बघा, तो एक तोळा आहे.

आता त्याने मान वर केली. "कुठला तोळा? आजचा का आजोबांचा?"

मला कळलं नाही. त्याने कंटाळून सांगितलं, बाजारात आता तोळा म्हणजे दहा ग्रॅम. जुना तोळा भारी, साडेअकराच्याही वर, आणि हा रुपया त्या तोळ्याचा. घट वेगळी धरणार, पण वजन आहे तेवढं धरणार. "आम्ही तोळ्यात नाही बोलत," तो म्हणाला, "ग्रॅममध्ये बोलतो. विकायचाय का?"

मी तिथेच काउंटरवर गुणाकार केला. या वेळी वजनाचा. एका रुपयामागे दीड ग्रॅमहून जास्त, असे एकवीस. आम्ही एकवीस रुपये दिले होते आणि पैसे अठराचे आले होते. तीन रुपये नमस्कारात गेले. त्या तिनांत मशीनचा फरक सगळा भागला नसता कदाचित, पण बराचसा भागला असता. मी बीकॉम आहे. मेट्रिक मापं मी शिकलो, परीक्षेत लिहिली, मार्क मिळवले. आईचा तोळा आणि पुस्तकातला ग्रॅम हे दोघं एकाच काट्यावर बसतात, हे मात्र मला कधी सुचलं नाही.

रुपया परत घेऊन मी बाहेर पडलो.

रविवारी शिरूरला गेलो. वाटेत तीन-चार वाक्यं जुळवली, त्या भाषणासारखीच. शेठनी चहा मागवला, वडिलांचा कान कसा आहे विचारलं. मी पूजेचा रुपया त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, शेठ, एकदा याचं वजन कराल का?

त्यांनी केलं नाही. रुपयाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज जराही चढला नाही.

"एकवीस तोळे कोण म्हणालं? वहिनी. गुणाकार कोणी तपासला? तुम्ही. मी दोघांच्याही शब्दावर पैसे दिले साहेब. उलट मीच वजन केलं नाही."

मी म्हणालो, पण तुम्हाला माहीत होतं.

"आणि तुम्हाला नव्हतं?" ते म्हणाले. "मग शाल कशाची दिली होती आम्ही?"

नोकर हसला. दुकानात एक नवरा-बायको पैंजण बघत बसले होते, तेही हसले. कशाला ते त्यांना ठाऊक नसावं. तेवढ्यात चहा आला. मी तो प्यायलो. ठेवून उठायला हवं होतं, पण प्यायलो, आणि कप खाली ठेवताना माझ्या तोंडून सवयीने 'धन्यवाद' गेलं. शेठ म्हणाले, "येत जा."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, पुढचा गोळा घेतला, आणि मग म्हणाली, "तोळा कवा बदलला?"

मी म्हणालो, बरीच वर्षं झाली.

"मंग आमाला कुणी का न्हाई सांगितलं? तू तर शाळंत जात हुतास."

मी रुपया तिच्यापुढे ठेवला. दौंडला चांगला भाव देतायत, विकू का, असं विचारलं. तिने पिठाच्या हाताने तो उचलला, तळहातावर जोखला. ठेव, म्हणाली. रुपयाभार सुंठीला लागंल.

वडील दारात खाटेवर बसून आमच्या तोंडांकडे बघत होते. काहीतरी पैशाचं चाललंय एवढं त्यांना दिसलं. त्यांनी मोठ्याने विचारलं, ऐकू न येणारे विचारतात तसं, "शेटनं भाव बराबर दिला हुता ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्यांच्या उजव्या कानापाशी गेलो. माझा आवाज खणखणीत आहे, आभाराचं भाषण मलाच त्यासाठी दिलं होतं. त्यांच्या कानात मी ओरडून म्हणालो, "दिला."

ते समाधानाने हसले.

"भला माणूस हाय," म्हणाले. "इसरू नको त्याला."