एकोणीस कबरी

"आई, तू मध्ये पडू नकोस. कबरी आहेत म्हणजे आहेत. कुंपण घालावंच लागणार."

"मग ह्याची विहीर?"

"ती कुंपणाच्या आत जाईल. मी काय करू?"

समोर अबू सालेम बसलेला. सौदीतल्या ताईफच्या वरच्या पठारावर उंट चारणारा म्हातारा. ड्रोनने भर दुपारी केलेल्या मोजणीत त्याच्या विहिरीभोवती एकोणीस लांबट उंचवटे निघाले होते. जुन्या कबरी असाव्यात, असा माझ्या मुलाचा, संदीपचा रिपोर्ट तयार. सकाळी सही झाली की उंटांचं पाणी खलास. "अम्मा, ये पानी मेरा बाप का बाप खोदा," एवढंच तो म्हणत होता.

सर्व्हेवाल्यांच्या घरात जन्म काढला की असे किस्से चपलेतल्या वाळूसारखे साठतात. झटकले तरी दोन-चार उरतातच.

आमचे हे नाशिकला नकाशे काढायचे. त्यांच्या खांद्यावरून बघत मी कंटूर, म्हणजे उंचीच्या रेषा, वाचायला शिकले, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. एकदा त्यांच्या साहेबांचा नकाशा घरी आला. मी म्हटलं, "साहेबांचा ओढा डोंगर चढतोय." हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेबांनी गुपचूप ओढा उतरवला!

इथे संदीपच्या हाताखाली पुण्याचा कुलकर्णी आहे. ड्रोनला वरून दिसाव्यात म्हणून त्याने पठारावर पांढऱ्या कापडाच्या खुणा अंथरल्या. दुसऱ्या दिवशी एक जागेवर असेल तर शपथ. तिथल्या बायकांनी त्या कापडांचे शेळीच्या करडांना थंडीचे कोट शिवले होते. कुलकर्णीचा फोन, "मावशी, माझ्या खुणा चरायला गेल्यात."

म्हटलं, "दगडावर रंगव की. दगड कुणी पांघरत नाही."

तर त्या दिवशी मी संदीपच्या हातातून कागद ओढलाच. फोटो ऑफिसात, घरी नुसता उंचीचा नकाशा. चष्मा लावला. प्रत्येक उंचवटा एका टोकाला निमुळता, आणि झाडून सगळी निमुळती टोकं विहिरीकडे!

"अबू सालेम, ऊंट कितने?"

"उन्नीस, अम्मा."

"दोपहर में किधर बैठते?"

"उधरही. पानी के बाजू."

संदीप अजून अडून बसलेला. "आई, योगायोग असेल. कॉम्प्युटर उंचवटे दाखवतोय. तू काय कॉम्प्युटरपेक्षा शहाणी?"

मी कागद त्याच्या पुढ्यात ठेवला, त्या टोकांवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "संदीप, कबरींना तहान लागत नाही."