सिद्धलिंगआप्पांची गाडी आणि उस्तादाचा कागद

१९९३ च्या दिवाळीनंतर नांदूरघाटात बातमी फुटली, की सिद्धलिंगआप्पांनी साखर कारखान्याचं टर्बाइन चोरून आणलंय आणि मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय. टर्बाइन केवढं असतं, ते उचलायला किती माणसं लागतात, हे विचारायच्या फंदात कोणी पडलं नाही. बातमीत माझा वाटा किती असं विचाराल, तर पहिल्या दिवशी निम्मा आणि दुसऱ्या दिवशी सगळा. आमच्या दोन घरांची भिंत एक आहे. पलीकडे लोखंडावर लोखंड वाजलं आणि मला कारण कळलं नाही, तर मला जेवण जात नाही.

तिसऱ्या दिवशी मी साखर मागायच्या निमित्तानं वाटी घेऊन गेलो आणि ताडपत्रीचं टोक उचललं. आत मोटार होती. दोन दारांची, छत नसलेली, जुनी स्टँडर्ड हेराल्ड. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली. वर्षानुवर्षं उभी राहून तिचं इंजिन गंजून आखडलं होतं. शेजारी पोत्यावर दुसरं इंजिन ठेवलेलं. अपघातात चेपलेल्या एका जिप्सी गाडीचं, परळीच्या भंगारवाल्याकडून आणलेलं. चोरीचा त्यात खिळासुद्धा नव्हता.

"बगितलंस?" मागून आप्पा म्हणाले. "जा आता, गावाला सांग."

"आप्पा, ते इंजिन या गाडीत बसंल का?"

"आजून कुणी बसवलं न्हाई. म्हणून तर आणलंय."

म्हणजे टर्बाइन खोटं. पण कारखान्याचा संबंध होता, आणि तो चोरीपेक्षा वाईट होता.

आप्पांच्या घरात सगळे दुकानदार. भावाचं किराणा दुकान अजून बाजारात आहे. हे एकटेच तराजू सोडून यंत्रांकडे गेले. हैदराबादकडच्या एका उस्तादाच्या हाताखाली राहिले, आणि पुढं वीस वर्षं कारखान्यांची टर्बाइनं जोडत फिरले. गळ्यात इष्टलिंग, खिशात उस्तादानं दिलेला निजामाच्या वेळचा हाली रुपया. यंत्र जोडून चालू झालं, की आप्पा तो रुपया बेअरिंगच्या डोक्यावर कडेवर उभा करायचे. पडला नाही, तर जोडणी बरोबर. बाकी कुठल्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता.

उस्तादाची आणखी एक चीज त्यांच्याकडे होती. विडीच्या कट्ट्यावरचा कागद, घडी घातलेला. त्याचं असं, की टर्बाइनमध्ये वाफ शिरली की ते तापतं आणि तापलं की फुगून केसभर वर येतं. त्याला जोडलेलं दुसरं यंत्र तेवढं तापत नाही. मग दोघांची रेघ मोडते. म्हणून थंड असताना जोडतानाच टर्बाइन त्या कागदाच्या जाडीएवढं खाली ठेवायचं. तापलं की ते आपणहून रेघेत येतं. हा कागद उस्तादाचा, त्यामुळं आप्पांच्या लेखी त्यात बदल नव्हता. पूजेशिवाय पाणी न घेणारा माणूस. एकदा धरलेलं सोडायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

मग तो ब्याण्णव सालचा गाळप हंगाम आला. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज यायचं. त्या दारातून आमच्याकडे रंगीत टीव्ही आले, आणि एका कारखान्याला वापरलेलं परदेशी टर्बाइन जहाजातून आलं. कारखान्याचं नाव सांगत नाही, अजून त्यांचीच साखर आमच्या चहात आहे. टर्बाइन जोडलं आप्पांनी. तेल द्यायला आमच्याच गावचा म्हाळू होता. पहिल्या दिवशी आप्पांनी रुपया उभा केला. रुपया थरथरला, पण पडला नाही. नवव्या दिवशी बेअरिंग जळालं, उकळतं तेल उडालं आणि म्हाळूचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं परत नीट मिटलीच नाहीत.

तिथल्या नव्या साहेबानं डबीएवढा परदेशी मीटर लावून आधीच सांगितलं होतं म्हणे, की जोडणी चुकलीय. चौकशीत आप्पा एवढंच बोलले, "माजा रुपया उभा ऱ्हायला होता. तेल कमी पडलं आसंल."

चौकशीच्या कागदावर दोघांचीही नावं आली आणि दोघंही घरी बसले. पण गावात वेगळी चौकशी झाली. तिचा न्यायाधीश मी होतो. आप्पांचा हात चुकेल यावर कोणाचा विश्वास बसेना, मग चुकलं कोण? मी म्हणालो, म्हाळूला डुलकी लागली असणार. मी तिथं नव्हतो. मी नांदूरघाटात ओट्यावर बसून शेंगा फोडत होतो. संक्रांतीपर्यंत त्या डुलकीची दारू झाली होती. म्हाळू बाजारात यायचा बंद झाला. आप्पा त्याच्याकडे गेले नाहीत, आणि तोही आला नाही.

गाव त्यांच्या बाजूनं होतं तरी आप्पांना तो मीटर सलत राहिला. एकदा मला म्हणाले, "साहेबाची डबी म्हणती माजा हात वाकडा. ठीक हाय. ज्यांनी एकमेकाचं तोंड बगितलं न्हाई आशी दोन यंत्रं जोडून दावतो. रोडवर पळंल तवा समद्यांना दिसंल."

गाडी त्यासाठी होती. हौस म्हणून नव्हती, हे ध्यानात ठेवा.

तीन वर्षं लागली. नव्या इंजिनाची भोकं आणि जुन्या गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून मधे एक जाड लोखंडी प्लेट घालायची होती. तिचं चित्र आप्पांनी घराच्या फरशीवर खडूनं काढलं आणि शांतावहिनींना महिनाभर त्यावरून झाडू फिरवू दिला नाही. प्लेट परळीच्या लेथवर किती वेळा गेली, मोजणं सोडलं. अंगणातल्या लिंबाला साखळी बांधून इंजिन लोंबकळत ठेवलं होतं. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मालकांनी म्हातारपणी पाळणा बांधलाय. बाळ लई जड हाय, हलवू नका."

पलीकडून मी पकड धरायला, दिवा दाखवायला आणि मधेमधे बोलायला जायचो. बोलायला नको म्हणायचे, पण दार लावत नसत.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत गाडी रस्त्यावर आली. पुढचं सगळं झाकण उघडून आप्पांनी उदबत्ती लावली, मी नारळ फोडला, आणि निघालो. मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी पाय दाबला. ती हलकी गाडी अशी सुटली, की माझी टोपी मागच्या मागं कोणाच्या तुरीत गेली असेल देव जाणे. मी ओरडत होतो. आणि तेवढ्यात खालून घूं आवाज सुरू झाला, पायांना मुंग्या आल्यासारखं झालं, आणि खाट्‌ करून तिसरा गिअर आपोआप सुटला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. आप्पांनी गाडी बाजूला घेतली.

"नवी हाय, रुळंल," मी म्हणालो.

"गप बस, बे."

चौथ्या दिवशी सकाळी वहिनींनी भिंतीवरून हाक मारली. "भावजी, जरा या. दिस वर आला, पूजा न्हाई की पाणी न्हाई. दोन तुकडे पुढं घेऊन बसलेत."

अंगणात आप्पांनी पेपरावर दोन बेअरिंगं मांडली होती. एक कालच गिअरबॉक्समधून काढलेलं. दुसरं जुनं, काळं पडलेलं. कारखान्यातलं ते जळकं बेअरिंग त्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"हे बग. एकाच अंगानं झिजलंय." मग जुनं पुढं सरकवलं. "आता हे बग."

तेही एकाच अंगानं जळालं होतं. दुसरी बाजू जवळजवळ कोरी.

"तेल कमी पडलं आसतं, तर समदं जळालं आसतं, राधाकिशन. गोल. चार वर्सं घरात हाय, अन् मी ह्येच्याकडं नीट बगितलं न्हाई."

मला काही उमजेना. तेव्हा त्यांनी मला हाताला धरून उभं केलं. "तू पायावर उभा हायस. तुजी कंबर म्हंजी यंत्राचा फिरता दांडा. समज, तापून फुगलास. डोकं वर जाईल, कंबर बी वर जाईल. आता तुला कमरंला धरून टांगला. फुगलास, तर डोकं वर, पाय खाली. कंबर?"

"जिथल्या तिथं."

"उस्तादाची यंत्रं पायावर उभी ऱ्हायची. एक कागद खाली ठेवावंच लागायचं. ते परदेशी टर्बाइन कमरंला धरलेलं होतं. ते वर उचलणार नव्हतंच. मी मातर ते कागदाएवढं खाली सोडलं. तापलं तरी ते खालीच ऱ्हायलं अन् नऊ दिवस वाकडंच फिरलं." मग गाडीकडे न बघता म्हणाले, "हितं बी त्येच केलं. इंजिन अन् गिअरबॉक्स छातीला छाती लावून कसलेत, कोण कुणाच्या वर जाणार? तरी प्लेटमदी एक कागदाचा फरक सोडला. हाताला सवय."

मी म्हणालो, नक्की कशावरून? दुसरंही काही असू शकेल.

"खरं हाय. म्हणून प्लेट नवी करतो, कागद न सोडता. गाडी परत पळवायची. घूं आली, गिअर सुटला, तर माजं हे समदं खोटं, तेलाची गोष्ट आजून उभी. अन् गाडी गप पळाली…" त्यांनी जुनं बेअरिंग पुन्हा पेपरात गुंडाळलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच रस्त्यानं निघालो. तीन वर्षं ही गाडी नीट पळावी म्हणून मी बोलत आलो होतो, आणि त्या दिवशी मनात म्हणत होतो, वाज गं बाई, थोडी तरी वाज. ती वाजली नाही. तिसरा गिअर आप्पांनी टाकला तिथंच राहिला. केजकडून येणारी एसटी मागं पडली, एक जीप मागं पडली. वाऱ्यापलीकडे दुसरा आवाज नव्हता. आप्पांचा चेहरा मी बघितला आणि परत बघितला नाही.

मांजरसुंब्याला धाब्यावर ट्रकवाले गोळा झाले. "काय चीज हाय!" म्हणत गाडीभोवती फिरू लागले. आप्पांनी मधलं झाकण काढलं, इंजिनाचा वेग चढा ठेवला आणि गिअरबॉक्सवर हाली रुपया कडेवर उभा केला. तो चारमिनारचा छाप तसाच स्थिर राहिला. थरथरलासुद्धा नाही. ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, एकानं आप्पांच्या पाठीवर थाप दिली. आप्पांनी रुपया उचलून खिशात टाकला. चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही.

परत येताना गाडी घराकडे वळली नाही. गावाबाहेर म्हाळूच्या घरापुढं थांबली. म्हाळू डाव्या हातानं कडब्याची पेंढी बांधत होता, उजव्यानं नुसती दाबून धरत होता.

"दावायला आणली व्हय गाडी, आप्पा?"

"न्हाई." आप्पा खाली उतरले. "म्हाळू, तेल बरोबर होतं. जोडणी माजी चुकली होती."

म्हाळूनं पेंढीची गाठ पुरी केली. मग म्हणाला, "तेल बरोबर होतं हे मला म्हाईत हाय. मीच घातलं होतं. तुमाला कळायला चार वर्सं लागली."

"लागली."

"मंग आता काय करू मी ह्येचं?"

"माज्यासंगं कारखान्यावर चल. म्या लिहून देतो. तू म्होरं बस."

म्हाळू पुढं बसला. मी मागं, पाय पोटाशी घेऊन. आयुष्यात पहिल्यांदाच मी पूर्ण रस्ताभर काही बोललो नाही.

साहेब तोच होता. त्यानं आप्पांचा अर्ज दोनदा वाचला. "आता चार वर्षांनी हे घेऊन मी काय करू?"

"फाइलीत लावा," आप्पा म्हणाले. "म्हाळूचा कागद आसंल, त्येच्या वर."

लावला. पुढच्या हंगामाला म्हाळूला उसाच्या वजनकाट्यावर घेतलं, तिथं एक हात पुरतो. आप्पांना बोलावणं आलं नाही, आणि त्यांनी वाटही पाहिली नसावी. गावात मात्र दोन दिवसांत सगळं पसरलं. या वेळी माझ्याकडून नाही, शपथ घेतो. आप्पांच्या भावाच्या दुकानात लोक तोंड वाकडं करून बोलू लागले. ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही, ते कागद सोडावा की सोडू नये यावर मत देऊ लागले.

मला ते सहन होईना. एका सकाळी पूजा आटोपून आप्पा ओट्यावर बसले होते. मी भिंतीवरून म्हणालो, "आप्पा, गावानं तर तुमाला कवाच सोडून दिलं होतं. कावून उकरून काढलं हे समदं?"

आप्पांनी भस्माचा हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "गावानं मला सोडलं तवा म्हाळूला धरलं होतं, राधाकिशन. अन् गावाच्या हातात त्याला देणारा तू होतास."